बुऱ्हाणपूरची जामा मशीद आणि तिच्या भिंतीतला संस्कृत लेख

तापीतीर

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात भुसावळला लग्नाला गेले होते, एक अख्खा दिवस मोकळा मिळाला म्हणून सकाळच्या गाडीने बुऱ्हाणपूर गाठलं. तासाभराचा तर रस्ता. स्टेशन लालबागला, गावाच्या बाहेर, तिथून रिक्षा केली आणि गांधी चौकात उतरले. बुऱ्हाणपूर म्हटलं की लोक मुमताजचं बोलतात, शाही हमाम, कुंडी भंडारा आणि मावा जिलबी. ते सगळं आहेच पण मला बघायची होती ती जामा मशीद, आणि तिच्यातला संस्कृत लेख. शाळेत इतिहासाच्या बाईंनी एकदा ओझरता उल्लेख केला होता तेव्हापासून डोक्यात होतं.

चौकातल्या गर्दीतून दरवाज्यात शिरलं की एकदम मोठं अंगण, हौद, आणि समोर ती काळ्या दगडाची पंधरा कमानींची रांग. दोन टोकांना दोन मिनार, शंभर फुटांच्या वर उंच. मी नुसती उभी राहिले. बाहेरचा हॉर्नचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला.

आत एक म्हातारे काका बसले होते, त्यांना विचारलं की संस्कृतमधलं लिखाण कुठे आहे, तर ते काही न बोलता उठले आणि मला सरळ पश्चिमेच्या भिंतीशी, पार टोकाकडच्या मिहराबपाशी, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापाशी, घेऊन गेले. मोबाइलचा टॉर्च वर धरला आणि म्हणाले, ताई, वर बघा. वरती अरबी ओळी होत्या आणि त्यांच्याच जोडीला देवनागरी. मान दुखेपर्यंत वर बघत एकेक अक्षर लावत बसले. सुरुवात "श्रीसृष्टिकर्त्रे नमः" अशी आहे. आणि शेवटाकडे एका ठिकाणी अडखळले, म सी ति रि यं... मसीतिरियं. मसीतिः इयं. "ही मशीद". मशिदीला संस्कृतात मसीति! पूर्ण वाक्य "मसीतिरियं निर्मिता स्वधर्मपालनार्थम्", म्हणजे स्वधर्माच्या पालनासाठी ही मशीद बांधली. अंगावर काटा आला, खरंच सांगते.

बांधणारा फारुकी घराण्यातला आदिलशाह, ज्याला राजा अली खान म्हणतात तो. अरबी लेखात हिजरी ९९७ आहे. इथे कोणी आणखी जाणकार असतील तर भर घाला, मला या इमारतीबद्दल सगळं सगळं ऐकायचंय.

रावेरकर

वा ताई, आमच्या अंगणातला विषय काढलात. रावेरहून बुऱ्हाणपूर म्हणजे आमचा बाजार, लहानपणापासून दर महिन्याला जायचो, त्या मशिदीवरून शंभरदा गेलो असेन आणि हा लेख मी पहिल्यांदा बघितला तो वयाच्या चाळिशीत, तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. वाईट वाटतं याचं.

एक पार्श्वभूमी देतो. फारुकी म्हणजे खानदेशचे सुलतान, १३८२ पासून १६०१ पर्यंत. पहिला मलिक राजा, त्याची गादी थाळनेरला, म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी, तिथे अजून फारुक्यांच्या कबरी आहेत आणि त्या बघण्यासारख्या आहेत. त्याच्या मुलाने, नसीर खानाने, बुऱ्हाणपूर वसवलं. नाव दिलं बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून, ज्यांचा दर्गा खुलताबादला आहे. आणि नदीच्या पलीकडे जैनाबाद, ते जैनुद्दीन शिराझींच्या नावाने, तेही खुलताबादचेच. म्हणजे गाव तापीचं पण त्याची नाळ दौलताबाद-खुलताबादशी. आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण त्याला परकं करून टाकलंय, पण आमच्याकडे अर्धे नातेवाईक तिकडेच.

दगडमाती

स्थापत्य शिकलोय आणि जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून बांधणीवर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, या मशिदीला घुमट नाही. समोरून बघताना चटकन लक्षात येत नाही कारण डोळे मिनारांवर जातात. विजापूरची जामा मशीद घ्या, मधोमध मोठा घुमट. गुलबर्ग्याची १३६७ ची घ्या, तिला तर अंगणच नाही, सगळीच्या सगळी छताखाली आणि वर घुमटच घुमट. इथे अंगण आहे, दालन आहे, आणि छत वरून सपाट. मग आत शिरून वर बघितलं की कळतं काय केलंय ते. दोन कमानदार पन्हाळी एकमेकींना काटकोनात छेदून गेल्या तर जिथे छेद जातो तिथे चार धारा तयार होतात, छत्रीच्या काड्या जशा मधून निघून चार कोपऱ्यांकडे उतरतात तशा. त्या धारांवरून वजन खाली येतं आणि चार खांबांवर बसतं. समोरून पंधरा खण, म्हणजे चार खांबांमधले चौक, आणि खोलीत पाच, असं प्रत्येक खणावर. भिंत मध्ये लागतच नाही. म्हणून आत उभं राहिलं की कुठूनही कुठेही तिरकं बघता येतं, खांबांच्या रांगा सरळ पण दिसतात आणि तिरक्या पण.

यात एक अडचण असते. कमान नुसती खाली ढकलत नाही, बाजूलाही ढकलते. मधल्या खणांचा रेटा शेजारचा खण झेलतो, त्याचा त्याच्या शेजारचा, पण शेवटच्या खणाचं काय? त्याला टेकू कोण देणार? तिथे जाड भिंत लागते नाहीतर काहीतरी भारी वजन लागतं. आता दोन टोकांना ते मिनार कुठे उभे आहेत बघा. मिनार दिसायला हलके वाटतात पण ते दगडाचे खांबच आहेत, शंभर फुटी वजन त्या कोपऱ्यात गाडून ठेवलंय. दूरवरून शहर ओळखू यावं म्हणून ते आहेतच, पण माझ्या मते रांगेची दोन्ही टोकं पण तेच धरून ठेवतात. पुस्तक पकडायला दोन्हीकडून जड वस्तू ठेवतो ना, तसं.

आणि दर्शनी बाजू मला फार आवडते ती तिच्या संयमामुळे. मधली कमान जराशी मोठी केलीय, बस. तिला आभाळाला भिडवलेली नाही. पंधराच्या पंधरा कमानी एका घरातल्या वाटतात. वर कंगोऱ्यांची ओळ. काळ्या बेसाल्टमध्ये नाजूक काम करणं किती कष्टाचं असतं ते छिन्नी हातात घेतलेल्यालाच माहीत, वाळूच्या दगडासारखा तो ऐकत नाही, हात चुकला की टवका उडतो. तरी मिहराबांवरची नक्षी बघा.

शोधक_७२

माहितीपूर्ण धागा. एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. आमच्या ग्रुपवर या लेखाचा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की मशिदीत संस्कृत सापडलं म्हणजे तिथे आधी मंदिर होतं, त्याचाच हा दगड. यात तथ्य किती?

तापीतीर

राग कसला, विचारलंत हे बरं झालं. मी वर लिहिलं तेच याचं उत्तर आहे, लेख स्वतःच सांगतो. त्यात बांधणाऱ्याचं नाव आहे, "श्री मुबारकशाह सुत श्री एदलशाह", म्हणजे आदिलशाहच, त्याने ही मसीति बांधली असं स्पष्ट लिहिलंय, फारुकी वंशाची वंशावळ दिलीय, तारीख दिलीय. दुसऱ्या इमारतीचा दगड आणून बसवला तर त्यावर याच मशिदीचं नाव आणि याच राजाचा बाप कसा येईल? लेख मशिदीसाठीच कोरलाय. फोटो फिरवणाऱ्यांना एवढंच सांगा की खालचं वाचू नका, लेख वाचा.

शोधक_७२

पटलं. ग्रुपवर हेच टाकतो. धन्यवाद.

पंचांगवाली

माझा विषय आला! माझे वडील पंचांगकर्ते होते, गणित मी त्यांच्याकडून शिकले. या लेखातली तारीख मी घरी बसून तपासली आहे आणि तेव्हापासून त्या अनोळखी लिहिणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो.

लेखात नुसतं साल नाहीये. संवत् १६४६, शके १५११, विरोधी नावाचं संवत्सर, पौष शुक्ल दशमी २३ घटी, त्यानंतर एकादशी, सोमवार, कृत्तिका ३३ घटी मग रोहिणी, शुभ योग, वणिज करण, रात्रीच्या ११ घटी गेल्या तेव्हा, कन्या लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास कन्या. पाचही अंगं आणि वर लग्न! आपण मुलाची पत्रिका मांडताना लिहितो तितकं सगळं.

युरोपातल्या तेव्हाच्या जुन्या गणनेप्रमाणे ही तारीख ५ जानेवारी १५९० येते. वार सोमवारच येतो. चंद्र त्या दिवशी कृत्तिकेतून रोहिणीत जातो, बरोबर. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, ११ घटी म्हणजे चार तास चोवीस मिनिटं, सूर्यास्त सहाच्या आसपास धरला तर रात्रीचे सव्वादहा-साडेदहा झाले. पौषात सूर्य मकरेत, त्या वेळेला पूर्वेला कन्याच उगवत असणार. सगळं जुळतं. कोणी अंदाजाने चार शब्द टाकलेले नाहीत, जाणत्या ज्योतिषाने बसून मांडलंय.

आणि दोन गोष्टी आणखी. संवत् १६४६ हे विक्रमाचं, म्हणजे उत्तरेकडची रीत. शके १५११ ला विरोधी संवत्सर येतं ते आपल्या दक्षिणेकडच्या गणनेने, जी आपण पाडव्याला आजही वापरतो. दोन्ही एका ओळीत लिहिलंय. नर्मदा वर आणि गोदावरी खाली, मधल्या तापीच्या खोऱ्यातल्या माणसालाच हे सुचणार, कारण त्याच्याकडे दोन्हीकडचे लोक येत-जात असणार.

दुसरं, अरबीतलं हिजरी ९९७ हे १५८९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतं. संस्कृतातली तारीख त्यानंतर दोन महिन्यांनी येते, म्हणजे ती अरबीचा तर्जुमा नाही, वेगळा मुहूर्त आहे.

रावेरकर

पंचांगताई, नमस्कार घ्या. चारशे वर्षांपूर्वीच्या रात्रीचे साडेदहा असं कोणी सांगितलं की एकदम त्या माणसांत जाऊन उभं राहिल्यासारखं होतं. थंडीची रात्र, मशाली असतील.

बखरवाचक

राजा अली खानाबद्दल थोडं. हा माणूस कात्रीत सापडलेला होता. उत्तरेला अकबर, दक्षिणेला निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, आणि मध्ये याचा छोटा खानदेश, ज्याच्याकडे असीरगडासारखा किल्ला, म्हणजे दख्खनचं दार. दोन्ही बाजूंना सांभाळत त्याने वीसेक वर्षं राज्य चालवलं. शेवटी मोगलांच्या बाजूने लढायला गेला, १५९७ च्या सुरुवातीला, गोदावरीकाठी सोनपेठ परिसरात, समोर विजापूरचा सुहेल खान आणि दख्खनी फौजा. मोगलांकडून सेनापती अब्दुर्रहीम खानखानान. त्या लढाईत राजा अली पडला. अंधारात कोणाला कळलं नाही, मोगलांना वाटलं हा फितूर होऊन पलीकडे गेला, म्हणून त्याचीच छावणी त्यांनी लुटली. सकाळी प्रेतांत त्याचं प्रेत सापडलं. वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. ज्यांच्यासाठी मेला त्यांनीच.

त्याचा मुलगा बहादूर खान अकबराला वाकला नाही, असीरगडावर जाऊन बसला, अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला, लांबलचक वेढा पडला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. फारुकी संपले. खानदेशचं नाव सुद्धा शाहजादा दानियालवरून दानदेश करून टाकलं होतं.

हे मशिदीच्या धाग्यावर का लिहितोय तर मिनारावर अकबराचा लेख आहे. फारसीत. अकबर इथे आला, असीर जिंकला असा मजकूर. कोरून घेणारा मीर मासूम, भक्करचा, कवी होता, नामी नावाने लिहायचा, अकबराबरोबर फिरायचा आणि ठिकठिकाणी लेख कोरवायचा, मांडूला आहेत, फत्तेपूर सिक्रीला आहे. म्हणजे एकाच इमारतीत बांधणाऱ्याचा लेख आत, आणि त्याचं राज्य बुडवणाऱ्याचा लेख बाहेर.

तापीतीर

बखरवाचक, तुम्ही हे लिहिलंत आणि मला लेखातला तो श्लोक आठवला. आकाशाच्या अंगणात चंद्र, सूर्य, तारे आहेत तोवर हा फारुकी वंश पृथ्वीवर नांदो, असा आशीर्वाद आहे त्यात. "अम्बराङ्गण" असा शब्द आहे. आपल्या ताम्रपटांमध्ये आचंद्रार्क म्हणतात तेच. आणि पुढे अकरा वर्षांत सगळं आटोपलं.

खानदेशी_बानो

माझं माहेर बुऱ्हाणपूर. सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. आमच्या घरी हा लेख म्हणजे काही नवल नव्हतं, आजोबा ईदच्या नमाजाहून आले की सांगायचे, आपल्या मशिदीत संस्कृत आहे, आणि त्यांच्या बोलण्यात अभिमान असायचा. हा अभिमान बाहेरच्या कोणाला माहीतच नाही असं मला लग्न होऊन नाशिकला आल्यावर कळलं.

दगडमाती, तुम्ही खणांचं लिहिलंत त्यात एक माझ्याकडून. नमाजात सगळे खांद्याला खांदा लावून आडव्या ओळीत उभे राहतात, त्याला सफ म्हणतात. दालन रुंदीला जास्त आणि खोलीला कमी ठेवण्यामागे ते आहे, पुढच्या सफमध्ये जास्तीत जास्त लोकांना जागा मिळावी म्हणून. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, म्हणून मिहराबांची भिंत पश्चिमेची आणि कमानी पूर्वेला उघडतात. सकाळी कोवळं ऊन पंधराही कमानींतून आत येतं आणि फरशीवर पंधरा पट्टे पडतात, भिंतीकडे सरकत जातात. लहानपणी भावाबरोबर अंगणात उभी राहून ते बघत असे.

बघायला कोणीही येऊ शकतं, फक्त नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारची दुपार तर टाळाच. डोकं झाकलेलं असू द्या, चपला बाहेर. विचारलंत तर लोक हौसेने दाखवतात, ताईंना तसा अनुभव आलाच.

आणि वेळ असेल तर बीबीची मशीद पण बघा, ही जामा मशीद बांधायच्या आधी गावची मोठी मशीद तीच होती. ती अहमदाबादच्या धाटणीची, मिनारांना खिडक्या काढलेल्या. तिच्याकडे कोणी जात नाही.

दगडमाती

बानोताई, सफचं मला इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही नकाशात लांबी-रुंदी मांडतो आणि माणसं कशी उभी राहतात ते विसरतो. पंधरा पट्टे बघायला मी येणार.

शब्दवेडा

भाषेकडून एक. "एदलशाह" बघून आनंद झाला. आदिलचं एदल, इदल, येदिल हे आपल्या जुन्या मराठीत सर्रास. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, ते बुऱ्हाणपूरपासून काही फार लांब नाही. म्हणजे लेख रचणाऱ्याने पुस्तकी रूप न घेता लोक जसं म्हणत तसं नाव घेतलं आणि त्यालाच संस्कृतची विभक्ती लावली.

मसीतिचंही तेच. संत नामदेवांची गुरु ग्रंथ साहिबमध्ये जी पदं आहेत त्यात देहुरा आणि मसीति अशी जोडी येते. म्हणजे हा शब्द तेव्हा बोलण्यात होता, पंडिताने तो उचलला. "मशीद" हे आपलं रूप त्याच वळणाचं.

रावेरकर

एदलाबाद! आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आणि हे कधी जोडलं नाही.

बरं, मी पुढच्या आठवड्यात बुऱ्हाणपूरला जातोय. अकबराच्या लेखाचा आणि आतल्या दोन्ही लेखांचा चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून आणतो. आणखी काय काढू?

दगडमाती

छताचे काढा प्लीज, खांबाच्या बरोबर मध्ये पाठीवर झोपून वरचा. चार धारा मिळतात तो मध्य आला पाहिजे. आणि मिनार जिथे दालनाला चिकटतो तो सांधा, दोन्ही बाजूंनी. भेगा आहेत का ते बघायचंय.

पंचांगवाली

मला संस्कृत लेखातली घटींची ओळ जवळून हवी. आकडे कसे कोरलेत ते बघायचंय, वडिलांच्या जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघेन.

तापीतीर

एक सांगायचं राहिलं. लेखाचा पहिला श्लोक ईश्वराला वंदन आहे, त्यात शब्द येतात ते असे, अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत, चिदात्मक. जो व्यक्ताचं कारण आहे आणि स्वतः व्यक्तही आहे, अव्यक्तही. कुठल्याही एका देवाचं नाव नाही. मशिदीत काय लिहायचं आणि संस्कृतात कसं लिहायचं हे त्या दोघांनी, राजाने आणि पंडिताने, किती वेळ बसून ठरवलं असेल.

माझी आई ऐंशीची आहे, रोज हरिपाठ म्हणते. घरी आल्यावर कुठून आणलं ते न सांगता मी तिला हा श्लोक वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती, म्हणाली, छान आहे, कोणाचं गं? मी म्हटलं बुऱ्हाणपूरच्या मशिदीतलं आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पुढचं वाच. मग मी वंशावळ वाचली, मलिक राजा, त्याचा मुलगा गजनी, असं करत एदलशाहपर्यंत, आणि मग तिथी आली तसं तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, अगं म्हणजे पुत्रदा एकादशी लागलेली.

रावेरकर दादा, फोटो आले की इथेच टाका. आईला मोठे करून दाखवायचेत.